अनुभव, संकल्पना आणि प्रौढ विद्यार्थी

१

समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास हे विषय आपल्याकडे ‘सोपे’ समजले जातात. विज्ञान शाखेला प्रवेश मिळाला नाही, वाणिज्य शाखेतले आकडे झेपले नाहीत, नोकरीमुळे दुपारी प्रयोगशाळेत उभे राहता येत नाही, मग माणूस कला शाखेकडे वळतो. तिशी-चाळिशीत पुन्हा शिकायला आलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे ठरल्यासारखेच असते. पूर्वी गिरणीतला, आज महापालिकेतला, रेल्वेतला, रुग्णालयातला, खाजगी सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा माणूस पाळी संपवून रात्रीच्या महाविद्यालयात येतो, नाही तर रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर जातो. बढतीला पदवी हवी असते. मुलांच्या देखत आपणही शिकलेले असावे, ही इच्छाही असते. त्याला सांगितले जाते, समाजशास्त्र घ्या, गाईड मिळते, पास व्हाल.

पण दलित प्रौढ विद्यार्थ्यासाठी या विषयाइतका अवघड विषय दुसरा नाही. रसायनशास्त्र शिकणारा विद्यार्थी परीक्षानळीत नसतो. समाजशास्त्र शिकणारा हा विद्यार्थी मात्र एकाच वेळी वर्गातल्या बाकावर असतो आणि पाठ्यपुस्तकाच्या पानावरही असतो. जात, कुटुंब, खेडे, स्थलांतर, झोपडपट्टी, कामगार संघटना, धर्मांतर ही प्रकरणे त्याच्या आयुष्याची प्रकरणे आहेत. अठरा वर्षांच्या मुलालाही हे काही अंशी लागू पडते. पण प्रौढ विद्यार्थी जगून झाल्यावर शिकायला येतो. शहरात घर शोधताना आडनाव सांगितल्यावर काय होते, हे त्याला माहीत असते. त्याने संपात पगार गमावलेला असतो, मुलीची सोयरीक जमवलेली असते, गावच्या जमिनीसाठी तलाठ्याच्या कचेरीत हेलपाटे घातलेले असतात. या सर्वांविषयी त्याची काही मते झालेली असतात.

अशा माणसाचे सामाजिक शास्त्रे काय करतात? आणि तो या शास्त्रांचे काय करतो? या दोन प्रश्नांची चर्चा आपल्या साहित्यात आणि चळवळीत जितकी व्हायला हवी तितकी झालेली नाही. प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा यांसाठी आपण लढलो आणि लढलेच पाहिजे. परंतु वर्गाचे दार उघडल्यावर आत काय शिकवले जाते, हा प्रश्न आपण बहुधा प्राध्यापकांवर सोपवून मोकळे झालो.

मराठी साहित्यात प्रौढ विद्यार्थी अवतरला तो म. जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ या १८५५ मधल्या नाटकात. जोशी ग्रहदशेचे भय घालून एका गरोदर कुणबिणीला आणि तिच्या नवऱ्याला खर्चात पाडतो. आपण कसे फसवले गेलो हे नाटकाच्या ओघात त्या दोघांना उमगते आणि शेवटी ते जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही. या नाटकाची धार्मिक फसवणुकीचे चित्रण म्हणून चर्चा होते. शिक्षणाचा विचार म्हणून ते कमी वाचले जाते. हे जोडपे अक्षरओळख नाही म्हणून शाळेत जात नाही. आपल्याला लुबाडणारी व्यवस्था कशी चालते, हा प्रश्न त्यांच्या मनात आधी उभा राहतो आणि मग ते शाळेची वाट धरतात. जोतीरावांच्या दृष्टीने प्रौढाच्या शिक्षणाचा पहिला विषय समाजव्यवस्था हाच होता. आजचे पाठ्यपुस्तक या कसोटीला उतरते का, ते पाहू.

२

पदवीच्या समाजशास्त्रात जातीवरचा ठरलेला प्रश्न म्हणजे ‘जातिसंस्थेची वैशिष्ट्ये स्पष्ट करा’. उत्तरही ठरलेले असते. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा १९२४ पासून वाहणारे गो. स. घुर्ये यांनी ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ (१९३२) या ग्रंथात जातीची सहा वैशिष्ट्ये दिली. समाजाची खंडात्मक विभागणी, श्रेणीरचना, खाण्यापिण्यावरील आणि सामाजिक व्यवहारावरील बंधने, नागरी व धार्मिक असमर्थता आणि विशेषाधिकार, व्यवसायस्वातंत्र्याचा अभाव, विवाहावरील बंधने. विद्यार्थी ही सहा पाठ करतो आणि सहा परिच्छेद लिहितो. चौथ्या वैशिष्ट्याला जितके गुण, तितकेच तिसऱ्याला.

घुर्यांच्या ग्रंथाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. विखुरलेली माहिती त्यांनी एका चौकटीत आणली. तक्रार आहे ती चौकटीच्या वापराविषयी. ‘नागरी असमर्थता’ हा शब्द लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या आज्याला गावच्या पाणवठ्याला हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे गेली, ती याच चौथ्या वैशिष्ट्याच्या विरोधात. पण वैशिष्ट्यांच्या यादीत महाड येत नाही. जात ही एक रचना म्हणून येते. तिला कोणी राखले, त्यात कोणाचा लाभ होता, ती कोणी मोडायला घेतली, हे दुसऱ्या कोठल्या तरी प्रकरणात, ‘सामाजिक चळवळी’ या मथळ्याखाली, वर्षाच्या शेवटी येते. ते प्रकरण बहुधा घाईत उरकले जाते.

दुसरे उदाहरण बलुत्याचे. अमेरिकन अभ्यासक विल्यम वायझर यांनी उत्तर प्रदेशातल्या एका खेड्याचा अभ्यास करून १९३६ मध्ये जजमानी पद्धतीवर ग्रंथ लिहिला. तेव्हापासून सेवांची परस्पर देवाणघेवाण या अंगाने ही पद्धत शिकवली जाते. सुतार नांगर करतो, चांभार मोट शिवतो, महार गावकी करतो आणि शेतकरी खळ्यावर सर्वांना धान्य देतो. असे हे परस्परावलंबन. महाराष्ट्रात याला आपण बलुतेदारी म्हणतो. त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) हा या विषयावरचा मराठीतला मोठा ग्रंथ. गावाच्या कारभाराची इतकी बारकाईची माहिती दुसरीकडे मिळणे कठीण. पण याच आत्र्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकाचे नाव ‘गुन्हेगार जाती’ असे आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १८७१ च्या कायद्याने जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरचा तो शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून गेला. शास्त्राच्या आणि सरकारच्या दप्तरातले शब्द माणसांच्या अंगावर किती वर्षे राहतात, हे लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने (१९८७) दाखवले.

आता ज्याच्या बापाने किंवा आज्याने येसकराची पाळी केली आहे असा विद्यार्थी ‘परस्परावलंबन’ हा शब्द वाचतो, तेव्हा त्याच्या मनात एक साधा प्रश्न येतो. सेवा परस्परांची होती, तर ती नाकारण्याची मुभा कोणाला होती? शेतकऱ्याने बलुते दिले नाही तर महार काय करू शकत होता? आणि महाराने मेलेले ढोर ओढायला नकार दिला तर गाव काय करत होता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘फारसे काही नाही’ आणि दुसऱ्याचे उत्तर ‘बहिष्कार’. नकाराची किंमत एकालाच मोजावी लागत असेल, तर त्या संबंधाला देवाणघेवाण म्हणता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले, त्यामागचा विचार हाच होता. चाकरी सरकारची, मोबदला रयतेच्या मर्जीवर आणि कामाच्या वेळेला सीमा नाही. ही वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने खालसा झाली. म्हणजे हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी परिपाठीबाहेरचे काही बोलत नाही. राज्य, खेडे आणि श्रम यांच्या संबंधाविषयीच्या एका गंभीर युक्तिवादात तो शिरत असतो. परंतु वर्गात त्याला उत्तर मिळते, ‘हे तुमचे वैयक्तिक मत झाले, पुस्तकातले लिहा.’

तिसरे उदाहरण ‘संस्कृतीकरण’ या संकल्पनेचे. एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गांवरच्या १९५२ च्या ग्रंथात ती मांडली. खालची जात वरच्या जातीचे आचार, विधी, आहार उचलते आणि एक-दोन पिढ्यांत श्रेणीत वर सरकते. ही संकल्पना काही ठिकाणी खरोखरच उपयोगी आहे. पण परीक्षेतल्या उत्तरांत दलितांनी मृतमांस सोडले तेही तिच्याच खात्यावर जमा होते. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, उष्टे सोडा असे सांगितले आणि गावोगाव लोकांनी ते सोडले. बाहेरून पाहणाऱ्याला हे वरच्यांचे अनुकरण वाटेल. ज्या घरातल्या बाईने ते सोडले त्या घराला विचारा. त्यामुळे घरातले अन्न गेले, गावाचा रोष ओढवला, आणि ब्राह्मण होण्याची इच्छा त्यांच्या स्वप्नातही नव्हती. माणसासारखे वागायचे, एवढेच ठरले होते. कृती तीच दिसते, तिचा अर्थ उलटा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे धर्मांतर तर या चौकटीत मावतच नाही. श्रेणीत वर सरकण्याऐवजी तेथे श्रेणीच नाकारली गेली. अस्पृश्यांना संस्कृतीकरणाने वर चढता येत नाही, हे श्रीनिवासांनीही पुढे नोंदवले. पण गाईडात ही मर्यादा क्वचितच उतरते. २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना मारहाण झाली आणि त्यानंतर तेथल्या दलितांनी मेलेली जनावरे उचलायला नकार दिला. तो नकार कोणत्या संकल्पनेखाली लिहायचा, हे विचारणारा विद्यार्थी विषय समजलेला विद्यार्थी आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रस्थापित विद्येतले सारेच टाकाऊ, असे माझे म्हणणे नाही. याच श्रीनिवासांची ‘प्रभुत्वशाली जात’ ही संकल्पना घ्या. जमीन, संख्याबळ आणि सत्ता ज्या जातीच्या हाती, ती गावावर हुकमत चालवते. ती ब्राह्मणच असते असे नाही. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातले बहुतेक अत्याचार समजून घ्यायला ही संकल्पना आपल्या कित्येक घोषणांपेक्षा अधिक कामाची आहे. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजीचा विचार करताना गावातल्या जमिनीचा, पंचायतीचा आणि मध्यम जातींचा प्रश्न टाळता येत नाही. संकल्पना कोणी घडवली यापेक्षा ती काय उघड करते आणि काय झाकते, हे तपासणे आपल्याला शिकले पाहिजे. हे तपासायला जगलेले आयुष्य लागते. प्रौढ विद्यार्थ्याजवळ ते आहे.

३

या तपासणीचा श्रेष्ठ नमुना आपल्या घरातच आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. हा विद्यार्थी नवखा पोर नव्हता. न्यूयॉर्कला १९१३ मध्ये पोचण्यापूर्वी त्याचे लग्न झाले होते, मुलगा झाला होता, बडोद्याच्या नोकरीचा अनुभव झाला होता, वडील गेले होते. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून, ती सोडून, साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर हाच माणूस १९२० मध्ये एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा लंडनमध्ये विद्यार्थी झाला. बाबासाहेबांचे चरित्र आपण विद्वत्तेचे चरित्र म्हणून सांगतो. संसार, कर्ज आणि जबाबदाऱ्या डोक्यावर घेऊन सामाजिक शास्त्रे शिकणाऱ्या माणसाचे चरित्र म्हणून ते क्वचितच सांगतो.

त्या निबंधाकडे विद्यार्थ्याचा निबंध म्हणून पाहावे. त्यात बाबासाहेबांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर या अभ्यासकांच्या व्याख्या समोर ठेवल्या. प्रत्येकाचे काय घ्यावे आणि काय सोडावे ते सांगितले. केतकरांना योग्य ते श्रेय दिले. आणि मग जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे, असा आपला सिद्धांत मांडला. बहिर्विवाहाची रूढी असलेल्या समाजावर अंतर्विवाह लादायचा, तर गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राखावी लागते. नवरा मेला की स्त्री ‘जादा’ ठरते. बायको मेली की पुरुष ‘जादा’ ठरतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींचा उलगडा त्यांनी या हिशेबातून केला. ज्यांना इतर लोक धर्म आणि भक्ती म्हणत होते, त्या चाली जात टिकवण्याची साधने आहेत, हे दाखवले. एका वर्गाने स्वतःला कोंडून घेतले आणि इतरांनी काही अनुकरणाने, काही दारे बंद झाल्यामुळे तेच केले, हा त्यांचा दुसरा मुद्दा. अनुकरणाचा विचार श्रीनिवासांच्या पुस्तकापूर्वी छत्तीस वर्षे येथे आला आहे.

या निबंधात अस्पृश्य म्हणून आपण काय भोगले याचा उल्लेख नाही. सातारच्या शाळेतले तरटाचे बसकण नाही, गाडीवानाचा नकार नाही. याचा अर्थ लेखकाने अनुभव बाजूला टाकला असा होत नाही. ज्याला जातीच्या भिंतीचा धक्का लागलेला असतो, त्यालाच तिचे दार कोठे आहे आणि कडी कोणत्या बाजूने लागते, हे पाहावेसे वाटते. वंश, धंदा, शुद्धाशुद्ध ही उत्तरे देऊन थांबलेल्या विद्वानांपेक्षा हा विद्यार्थी पुढे गेला, कारण जात कशी दिसते याबरोबरच ती कशी चालते हे त्याला हवे होते. अनुभवाने प्रश्न दिला. उत्तरासाठी त्याने तुलना, व्याख्या आणि तर्क ही शास्त्राची अवजारे वापरली.

प्रौढ विद्यार्थ्याच्या शिक्षणाची सारी समस्या आणि तिचे उत्तरही या निबंधात आहे. तरीही पदवीच्या वर्गांत कितीतरी वर्षे हा निबंध शिकवला गेला नाही. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा पहिला खंड १९७९ मध्ये काढला, त्यात तो सहज उपलब्ध झाला. निबंध वाचल्यापासून त्रेसष्ट वर्षांनी! या काळात जातीवर किती प्रबंध झाले असतील याचा विचार केला म्हणजे सामाजिक शास्त्रांची निवड कशी चालते ते ध्यानात येते.

४

पण बोट केवळ विद्यापीठाकडे दाखवून चालणार नाही. आपल्याकडेही काही हिशेब मागितला पाहिजे.

दलित साहित्याने अनुभवाला प्रतिष्ठा दिली. ती देणे ऐतिहासिक गरज होती. ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘तराळ-अंतराळ’ (१९८१), ‘जिणं आमुचं’ (१९८६) या पुस्तकांनी मराठी वाचकाला जे दाखवले, ते शास्त्रांच्या ग्रंथांना दाखवता आले नव्हते. परंतु पुढे एक सवय लागली. अनुभव हा अस्सलपणाचा दाखला झाला. ज्याने सोसले त्यालाच कळले, आणि ज्याला कळले त्याला अधिक विचार करण्याची गरज नाही, अशी समजूत रूढ झाली. समीक्षाही ‘दाहक अनुभव’, ‘धगधगते वास्तव’ अशा विशेषणांवर समाधान मानू लागली.

आत्मकथनांत शिक्षणाचे चित्रण कसे येते, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शाळा तपशिलाने येते. वर्गाबाहेर बसणे, मास्तरांची छडी, फाटकी पाटी, वसतिगृहातली भूक, सारे येते. महाविद्यालयही येते, पण तेथे आपण कोणते पुस्तक वाचले, त्यातल्या कोणत्या विचाराशी झगडलो, कोणती व्याख्या पटली नाही, हे सामान्यतः येत नाही. जणू शिक्षण म्हणजे एक खडतर वाट, आणि वाट संपली की पदवी व नोकरी. त्या वाटेवर बुद्धीचे जे काही घडले असेल ते लेखकाला सांगण्यासारखे वाटत नाही. प्रकाशकालाही नको असते. वाचकाला दलिताची भूक हवी असते. त्याचा मतभेद नको असतो.

गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लिहिलेल्या लेखात भारतातील सामाजिक शास्त्रे कितपत समतावादी आहेत, असा प्रश्न विचारला. सिद्धांत मांडणारे एका बाजूला आणि तपशील पुरवणारे दुसऱ्या बाजूला, अशी विद्येतच वर्णव्यवस्था उभी राहिली आहे, हा त्यांचा आरोप होता. तो गाजला. त्याच लेखातला दुसरा भाग मात्र आपण सोयीने विसरलो. दलितांनीही सिद्धांताचे ओझे उचलले पाहिजे, कवितेने सिद्धांताची जागा भरून निघत नाही, असे त्यांनी आपल्यालाच बजावले होते. साहित्याच्या चळवळीला हे बोलणे रुचणारे नव्हते. पण ते खरे आहे. आपण आयुष्यभर तपशीलच पुरवत राहिलो, तर दुसऱ्यांच्या ग्रंथांत आपण उदाहरण म्हणूनच उरू.

प्रौढ विद्यार्थी या दोन दगडांच्या मध्ये सापडतो. वर्ग त्याला सांगतो, तुझा अनुभव बाहेर ठेव. साहित्याची सभा त्याला सांगते, अनुभव हेच सर्व काही, त्या पुस्तकी संकल्पना बाहेर ठेव. दोन्हीकडे त्याचे एक अंग कापले जाते.

५

या कोंडीतून वाट काढणारे काम महाराष्ट्रात झाले आहे, आणि त्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये आले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेत, जुनी नियतकालिके चाळत, गावोगाव फिरत हे काम झाले. दोघींपैकी कोणीही विद्यापीठात प्राध्यापक नव्हत्या. चळवळीच्या इतिहासात परिषदांचे ठराव आणि पुढाऱ्यांची भाषणे होती. घरची भाकर बांधून सभेला आलेली, लेकराला कडेवर घेऊन तुरुंगात गेलेली बाई नव्हती. तिला विचारायला हवे, हे ज्यांना सुचले त्यांनी इतिहासाच्या साधनांची कल्पनाच बदलली. ज्याला विद्यापीठे मौखिक इतिहासाची पद्धत म्हणतात, ती येथे गरजेतून उभी राहिली.

याच उर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३) हे आत्मकथन वर केलेल्या तक्रारीला बरेचसे उत्तर देते. सरकारी नोकरी, मुले आणि संसार सांभाळून एम. ए. पर्यंत शिकणाऱ्या स्त्रीचे चित्र त्यात आहे. ज्या नवऱ्याने सुरुवातीला साथ दिली, त्यालाच बायकोचे शिकणे आणि सभांना जाणे पुढे कसे सलू लागले, ते लेखिकेने न लपवता लिहिले. प्रौढ विद्यार्थी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. पुरुष रात्री वर्गाला जातो तेव्हा घरी ताट झाकून ठेवलेले असते. बाई वर्गाला जाते तेव्हा ते ताट कोण झाकून ठेवणार, या प्रश्नाने तिचे शिक्षण सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला ‘भूमिका-संघर्ष’ म्हणतात. त्या शब्दात काही चूक नाही. पण संघर्ष दोन भूमिकांचा आहे की घरातल्या सत्तेचा, हे पुस्तक विचारत नाही.

शर्मिला रेगे यांनी पुणे विद्यापीठात हे दोन प्रवाह एकत्र आणण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न केला. दलित स्त्रियांची आत्मकथने समाजशास्त्राने ज्ञानाचे साधन म्हणून वाचावीत, हा आग्रह त्यांनी ‘रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर’ (२००६) मध्ये धरला. फुल्यांच्या ‘तृतीय रत्ना’चा आधार घेऊन त्यांनी वर्गात कसे शिकवावे याचा विचार मांडला. बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध जात आणि स्त्रीदास्य यांच्या संबंधाचा मूलभूत निबंध म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवला. २०१३ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. ज्यांनी आयुष्यात जातीचा फटका खाल्ला नाही त्यांनीही काय करता येते, हे त्यांच्या कामाने दाखवले. त्याबरोबर हे काम आपले म्हणून आपण पुढे नेले का, हा प्रश्नही मागे ठेवला.

६

आज प्रौढांना शिकण्याच्या सोयी पूर्वीपेक्षा अधिक आहेत. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग भरवण्याची योजना हीच मोठी क्रांती होती. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि शाळा सुटलेल्या माणसांना पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीकडे जाण्याची वाट मिळाली. मराठीतून स्वयंअध्ययनाची पुस्तके घरी येऊ लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षण मध्येच सोडण्याची आणि पुन्हा परतण्याची सोय जाहीर केली. एका वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका. कागदावर ही सोय प्रौढांसाठीच आहे असे वाटते. परंतु पहिल्या वर्षी ‘मूलभूत संकल्पना’ पाठ करून बाहेर पडणाऱ्याच्या हाती काय राहील? व्याख्या राहतील, त्या तपासण्याची वेळ येण्यापूर्वीच तो बाहेर गेलेला असेल. आणि मध्येच सोडणारा कोणत्या घरातला असेल, हे सांगायला शास्त्राची गरज नाही.

भाषेचा प्रश्नही आहे. पुस्तक मराठीत आले म्हणजे आपल्या भाषेत आले असे होत नाही. ‘अंतर्विवाह’, ‘अर्पित दर्जा’, ‘सामाजिक स्तरीकरण’ हे शब्द विद्यार्थ्याला इंग्रजीइतकेच परके असतात. पण त्याच्याजवळ स्वतःचे शब्द असतात. सोयरीक, भावकी, गावकी, रोटी-बेटी, वतन, पाळी, वाळीत टाकणे हे नुसते बोलीतले शब्द नाहीत, त्यांत समाजाचे बारीक ज्ञान साठलेले आहे. ‘अंतर्विवाह’ शिकवताना ‘रोटी चालते, बेटी चालत नाही’ या लोकव्यवहारापासून सुरुवात केली, तर पंचेचाळीस वर्षांचा विद्यार्थी आणि बाबासाहेबांचा निबंध यांच्यामधले अंतर एका तासात अर्धे कमी होईल. पारिभाषिक शब्द टाकून द्यावेत असे मी म्हणत नाही. आपल्या शब्दावरून त्या शब्दाकडे जाण्याची आणि तेथून परत आपल्या वस्तीकडे पाहण्याची वाट बांधली पाहिजे.

हे काम शासनाच्या परिपत्रकाने होणार नाही. रात्रीच्या महाविद्यालयांत, अभ्यासकेंद्रांवर आपल्यातलेच अनेक जण आज शिकवतात. वर्षातून एक निबंध असा लिहून घ्यावा की ज्यात विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातली एक संकल्पना घेऊन ती आपल्या गावावर, आपल्या वस्तीवर, आपल्या कामाच्या जागेवर लावून पाहावी. ती कोठे लागू पडते आणि कोठे मोडते ते पुराव्यासह सांगावे. जुनी वतनाची कागदपत्रे, सातबारा, संघटनेची पावती, आजीने सांगितलेली हकीकत, हे सारे पुरावे आहेत आणि त्यांचीही उलटतपासणी झाली पाहिजे. सफाई खात्यातल्या माणसाने ‘व्यवसायस्वातंत्र्याचा अभाव’ यावर आपल्या खात्यातल्या भरतीचा आधार घेऊन लिहिले, तर घुर्यांच्या पाचव्या वैशिष्ट्याला आज काय झाले आहे ते आपल्याला कळेल. कंत्राटी पद्धतीने जात मोडली की नव्या नावाने तीच माणसे त्याच कामावर ठेवली, याचे उत्तर त्याच्याइतके नेमके कोण देईल?

आणि असे निबंध छापायचे कोणी? आपल्या नियतकालिकांनी कवितेला आणि कथेला पाने दिली. त्यातून एक साहित्य उभे राहिले. तीच उदारता आता या विद्यार्थ्यांच्या विचाराला दाखवली पाहिजे. त्यांची भाषा अडखळेल, मांडणी कच्ची असेल, संदर्भ अपुरे असतील. पहिल्या कविताही अशाच आल्या होत्या. पोराबाळांचे करून, पाळी करून, झोप मोडून जो माणूस जात म्हणजे काय हे शिकायला येतो, त्याला आपण पास होण्याची युक्ती सांगून परत पाठवत असू, तर त्याच्यावर अन्याय करतोच, आणि जे ज्ञान फक्त त्याच्याकडूनच मिळण्यासारखे आहे त्यालाही मुकतो.